वर कोण हाय?

आश्रुबा उभ्या आयुष्यात जेवढा खाली गेला, तेवढा वर कधी गेला नव्हता. दिंद्रुडच्या आसपासच्या शिवारातल्या सव्वाशे-दीडशे विहिरी त्याच्या हातच्या. कुठली सात परस, कुठली आठ. एक तर दहा परस, म्हणजे दहा माणसं हात वर करून एकाच्या डोक्यावर एक उभी केली तरी वरच्याची बोटं काठाला लागायची नाहीत. त्या विहिरीला पाणी लागलं नाही. मालकानं वाकून विचारलं, “आता?” आश्रुबा खालून म्हणाला, “खड्डा बाकी चांगला झालाय.” आणि खरंच चांगला झाला होता. लोक बघायला यायचे.

वर म्हणाल तर नारायणगड, तोही पायऱ्यांनी.

पाऊस नसला की विहिरी आटतात आणि विहिरी आटल्या की त्या आणखी खोल करायच्या असतात. त्यामुळं लागोपाठच्या दुष्काळात सगळा जिल्हा आभाळाकडं बघत होता आणि आश्रुबाची माणसं जमिनीकडं. या माणसांची मजूर सहकारी संस्था होती, एक्केचाळीस सभासदांची. आश्रुबा तिचा अध्यक्ष. निवडणुकीच्या दिवशी बाकीचे सभासद विहिरीत होते आणि हा पाय मोडून घरी होता, म्हणून अध्यक्ष झाला.

पाय मोडला तो यारीमुळं. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेला लोखंडी हात. मागं इंजिन, पुढं तारेचा दोर, दोराच्या टोकाला लोखंडी टोपलं. त्या टोपल्यातून दगड वर येतो आणि माणूस खाली जातो. इंजिनाचा दांडा ओढून दोर वर-खाली करायचं काम म्हाळूचं. बावीस वर्षं म्हाळूचंच.

या कामाचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, म्हणून ते पाळले जायचे. टोपल्यात बसणाऱ्यानं वरच्याचं नाव घेऊन हाक मारायची. वरच्यानं तोंड दाखवून “हाव” म्हणायचं. तोवर इंजिनाला हात नाही. एक माणूस दोराला लटकत असताना दुसरं काही करायचं नाही; बिडी नाही, बोलणं नाही, मान वळवणं नाही. तळाला गेल्यावर खालच्यानं “पाय लागले” असं ओरडायचं. ते ऐकू आल्याशिवाय वरच्यानं दांडा सोडायचा नाही. आश्रुबा खाली जात असताना म्हाळूचा बाप गेल्याचा निरोप आला होता. म्हाळूनं निरोप आणणाऱ्याकडं बघितलं नाही. “पाय लागले” ऐकू आल्यावर दांडा सोडला, “कवा?” म्हणून विचारलं आणि रडायला बसला.

दोर घसरला तेव्हा म्हाळूचा हात दांड्यावर होता, म्हणून आश्रुबाचा जीव वाचला, पायच मोडला. आता त्या दोराच्या बारीक तारा सुटून काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. म्हाळू रोज सकाळी त्यावरून चिंधी फिरवायचा आणि चिंधी किती ठिकाणी अडकली ते मोजायचा. आकडा कुणाला सांगायचा नाही. सभासद विचारायचेही नाहीत. रोज त्याच दोरावरून खाली जायचे.

अशात दिल्लीहून पत्र आलं. ते वाचलं गुरुलिंगअप्पांनी. अप्पांचं दिंद्रुडात कापडाचं दुकान होतं, डोळ्यांवर चष्मा होता आणि संस्थेची पत्रं वाचायची जिम्मेदारी त्यांनी आपणहून घेतलेली होती.

“दिल्लीची एक संस्था,” अप्पा म्हणाले, “आपल्या संस्थेस नवी यारी देऊ इच्छिते. नवा दोर. आपोआप लागणारा ब्रेक.”

“देऊ द्या,” आश्रुबा म्हणाला.

“अध्यक्षांनी जातीनं येऊन सही करून घ्यायची आहे. न आल्यास यादीतली पुढची संस्था. ती आष्टीकडची आहे.”

“जातो की. रेल्वेनं.”

“पत्र आठ दिवस पोस्टात पडून होतं. आता राहिले आठ दिवस. मे महिना, लग्नसराई, रेल्वेचं वेटिंग दोनशेच्या पुढं. आणि या पायानं तुम्ही दिल्लीपर्यंत दारात उभे राहणार? त्यांनी तिकीट पाठवलंय, आश्रुबा. औरंगाबादहून. विमानाचं.”

आश्रुबानं पत्र हातात घेतलं, उलटं करून मागं काही आहे का बघितलं आणि परत दिलं. त्या दिवशी साखराबाईनं दोन भाकरी वाढल्या, त्यातली दीड तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पावणेदोन.

“आवं, लोक खाली पडतात तवा मरतात,” साखराबाई म्हणाली. “तुमी वर जायच्या आधीच मरायलात.”

यावर इलाज दिंद्रुडातच होता. गुरुलिंगअप्पांचा मुलगा सिद्धेश्वर बंगळुरात नोकरीला. त्यानं आईबापांना एकदा विमानानं नेलं आणि विमानानंच परत पाठवलं. तेव्हापासून अप्पांचं कुठलंही वाक्य “विमानात असं असतं की” इथून सुरू व्हायचं. इकडच्या बऱ्याच जणांची पोरं दिल्लीला, बंगळुराला. ती तिकिटं पाठवायची आणि म्हातारी माणसं तापानं फणफणायची. म्हणून अप्पांनी दुकानाला पाटी लावली:

विमानभय निवारण वर्ग. पाच सकाळी. स्त्री-पुरुष दोघांसाठी. चपला बाहेर काढाव्यात.

वर्ग दुकानामागच्या पिठाच्या गिरणीत भरायचा. दळायला कुणाच्या घरात फारसं काही नव्हतं, त्यामुळं गिरणी मोकळीच होती. मांडववाल्याच्या बारा खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत, मध्ये वाट. पट्टे म्हणून दुकानातले नाडे. अप्पांनी खटका दाबला की गिरणी रिकामीच फिरायची, जमीन थरथरायची, खुर्च्या थरथरायच्या, आणि अप्पा मधल्या वाटेत उभे राहून दोन्ही हात आधी पुढं, मग बाजूला, मग मागं करायचे.

“प्रवासीजनहो. संकटसमयी दरवाजे इकडं. इकडं. आणि इकडं. नाडा नाभीच्या खाली बांधावा. गाठ सुरगाठ असावी.”

त्या खेपेला वर्गात दोघंच होते. आश्रुबा, आणि सुनेच्या बाळंतपणाला निघालेली चंद्रभागाबाई.

“अप्पा,” चंद्रभागाबाई म्हणाली, “पान खाल्लेलं चालतंय का?”

“खाल्लेलं चालतं. थुंकलेलं चालत नाही. खिडकी उघडत नाही.”

“मग ठिवली कावून?”

“बघायला.”

“काय बघायचं?”

“ढग.”

“ढग असते तर हितंच बघितले नसते का,” चंद्रभागाबाई म्हणाली. विमानात असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून अप्पांनी पुन्हा दोन्ही हात पुढं केले.

तिसऱ्या दिवशी विमान हवेत असताना लाईट गेली. गिरणी घरघरत मंदावली आणि थांबली. एवढी शांतता झाली की शेजारच्या हॉटेलात भजी तळल्याचं ऐकू येऊ लागलं.

“घाबरू नये,” अप्पा म्हणाले. “अशा वेळी विमान…” आणि ते विचारात पडले.

“लाईट कवा येणार?” चंद्रभागाबाईनं विचारलं.

“दुपारी दोनला.”

“मग मी उतरते.”

“बाई, आपण पस्तीस हजार फुटांवर आहोत.”

“असू द्या. मला भाकरी टाकायच्यात.” तिनं नाडा सोडला, नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवला, दाराशी चपला घातल्या आणि गेली. आश्रुबा मात्र जागचा हलला नाही. अप्पांना हे फार आवडलं. वर्ग सुरू झाल्यापासून असा विद्यार्थी त्यांना मिळालाच नव्हता. आवाजाला दचकत नाही, थरथरीला घाबरत नाही, सांगितल्याशिवाय उठत नाही.

पाचव्या दिवशी परीक्षा. आश्रुबाला गाव सोडायला दोन दिवस उरलेले. अप्पांनी वही काढली. म्हाळूही येऊन दाराशी उकिडवा बसला होता, नव्या दोराचं काय होतंय ते ऐकायला.

“कान गच्च झाले तर?”

“गोळी चघळायची.”

“विमान हिसके देऊ लागलं तर?”

“बसून राह्यचं.”

“शाबास. आता शेवटचा प्रश्न. भीती वाटते का?”

“वाटती.”

अप्पांची पेन्सिल थांबली. “किती?”

“आली तशीच हाय.”

“कशाची? आवाजाची?”

“न्हाई.”

“उंचीची?”

“खोल गेलेल्याला उंचीचं काय. उलटीकडनं तेवढंच.”

“मग कशाची, बाबा?”

आश्रुबानं नाड्याची सुरगाठ सोडली आणि परत बांधली. “दांड्यावर कोण हाय ते म्हाईत न्हाई.”

“पायलट असतो.”

“नाव?”

“आपल्याला काय करायचंय? सरकारमान्य असतो.”

“त्याचं तोंड दिसतं का?”

“कसं दिसेल? तो पुढं असतो. दार लावून.”

“दार लावून?” आश्रुबानं म्हाळूकडं बघितलं. म्हाळूनं आश्रुबाकडं बघितलं. “आतून?”

“कडी आतूनच असते.”

आश्रुबा उठला. नाडा सोडून त्यानं चंद्रभागाबाईसारखाच गुंडाळून ठेवला. “आष्टीवाल्यांना कळवा, अप्पा. दार लावून बसलेल्या मानसाच्या दोरावर मी न्हाई बसायचा.”

 म्हाळूनं खिशातली चिंधी काढली, बघितली आणि परत ठेवली. आश्रुबानं ते बघितलं आणि मान खाली घातली. सकाळची पाळी खाली जायची होती, त्याच दोरावरून. त्यात आश्रुबाचा चुलतभाऊ होता, दोन जावई होते.

“एका नावासाठी?” अप्पा म्हणाले. त्यांचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी नापास होत होता आणि त्यांचा आवाज चढला होता. “अरे, नावात असं आहे तरी काय?”

“चला,” आश्रुबा म्हणाला.

गावाबाहेरच्या विहिरीवर काम चालू होतं. सकाळची पाळी अजून खाली गेली नव्हती, म्हाळूची वाट बघत काठावर बसली होती. आश्रुबानं टोपल्याकडं हात केला. अप्पा सफारीत होते. ते टोपल्यात चढले ते तत्त्वासाठी.

“हाक मारा.”

“समोर तर उभा आहे. ओरडायचं कशाला?”

म्हाळू दांड्याला हात न लावता उभा राहिला. अप्पा टोपल्यात उभे राहिले. उन्हात अप्पांची सफारी घामानं भिजली.

“म्हाळू,” शेवटी अप्पा म्हणाले.

“हाव.”

इंजिन लागलं. अप्पा खाली गेले. आधी त्यांचे पॉलिशचे बूट गेले, मग सफारी, मग टक्कल. चार परस खाली गेल्यावर टोपलं थांबलं. तिथं म्हाळू रोज थांबायचा, कारण दोराचा सर्वांत वाईट तुकडा तेव्हा चाकावर यायचा आणि तो डोळ्यांनी बघून मगच पुढं सोडायचा. हे अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या भोवती काळा दगड होता, वर ताटाएवढं आभाळ होतं आणि नाकासमोर दोर होता. तो दोर त्यांनी पहिल्यांदा नीट बघितला.

“म्हाळू?”

“हाव.”

“हायेस का?”

“हाव.”

“म्हाळबा, कुठं जाऊ नको रे.”

“हाव.”

“कुनासंगं बोलू नको.”

“हाव.”

वर आल्यावर अप्पा काठावर बसले. त्यांचं छापील मराठी खालीच राहिलं होतं. त्यांनी दोराकडं बोट केलं. “रोज ह्याच्यावरनं?”

“रोज,” आश्रुबा म्हणाला.

“आन नवा दोर आष्टीवाल्यांना?”

 अप्पांनी आश्रुबाला धरून आपल्या घरी नेलं, कारण त्यांना पाणी हवं होतं आणि एकट्यानं चालवत नव्हतं. त्यांची बायको नीलम्मा हिनं दोघांना पाणी दिलं. अप्पांनी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, “ह्याचं खरं आहे, गं. माणसाचं नाव कळलं पाहिजे. पण विमानात तसं नसतं.”

“असतं की,” नीलम्मा म्हणाली.

“काय असतं?”

“नाव सांगतात. निघायच्या आधी, वरच्या भोंग्यातनं. मी अमका, तुमचं विमान मी नेणार, इतक्याला पोचू. जाताना सांगितलं, येतानाही सांगितलं.”

“मी नाही ऐकलं.”

“कसं ऐकाल? डोळे मिटून, माझं मनगट धरून बसला होतात. जाताना चार बांगड्या फुटल्या. येताना मी घातल्याच नव्हत्या.”

अप्पांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आश्रुबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता, माणसाची अब्रू जाताना बघू नये म्हणून.

“अभ्यासक्रमात दुरुस्ती करावी लागेल,” अप्पा म्हणाले.

आश्रुबाला तेवढं पुरलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यानं दीड भाकरी खाल्ली, आणि साखराबाईनं पिशवी भरायला घेतली. निघताना तो म्हाळूला म्हणाला, “नाव कळालं तर बसतो. न्हाई कळालं तर उतरतो. मग मला बोल लावू नको.”

“न्हाई लावत,” म्हाळू म्हणाला. “सव्वीस.”

“काय सव्वीस?”

“चिंधी अडकती त्ये.”

विमानात खिडकीपाशी जागा मिळाली. आश्रुबानं पट्टा बांधला नाही, मांडीवर धरून ठेवला. दार लागलं. भोंगा वाजला आणि एक पुरुषी आवाज आला. इंग्रजीत, भरभर, तोंडात गरम बटाटा असल्यासारखा. मधे कुठंतरी नाव होतं, हे कळलं. ते कुठलं, हे कळलं नाही. आवाज बंद झाला.

डोक्यावर एक बटण होतं. अप्पांनी पहिल्याच दिवशी ते दाबू नये म्हणून सांगितलं होतं. आश्रुबानं दाबलं.

हवाई सुंदरी आली. “जी, बाबा?”

“नाव न्हाई कळालं.”

“किसका नाम?”

आश्रुबानं बोटानं पुढचं बंद दार दाखवलं. “त्याचं. जो चलाता हाय.”

“कॅप्टन बरुआ.”

“गाव?”

पोरीनं जरा मागं बघितलं. तिला अजून बरीच कामं होती. “आसाम से हैं.”

“त्यानला बोलो, आश्रुबा बैठा है. दिंद्रुडवाला.”

“ठीक है बाबा, आप बेल्ट लगाइए.”

“आधी बोलो. बाद में लगाता.”

शेजारी बसलेल्या माणसानं पेपर खाली केला. पोरीनं आश्रुबाकडं बघितलं, त्याच्या हातातल्या पट्ट्याकडं बघितलं आणि पुढं गेली. भिंतीवरचा फोन उचलून काहीतरी बोलली, ऐकलं, ठेवला आणि परत आली.

“बोल दिया.”

“काय म्हणाले?”

“उन्होंने कहा, हाँ, ठीक है.”

“हाव म्हणाले?”

“हाँ.”

आश्रुबानं पट्टा बांधला. नाभीच्या खाली. सुरगाठ मारता येत नव्हती, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

विमान वर गेलं. त्यानं खिडकीतून बघितलं. खाली सगळं भाजलेल्या भाकरीसारखं होतं आणि त्यावर काळे ठिपके. ते ठिपके विहिरी आहेत हे ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही. एकाही विहिरीच्या काठावर दगडाचा नवा ढीग दिसत नव्हता, म्हणजे कुणी खोल केलेल्या नव्हत्या. इकडं कामं मिळतील, असं त्यानं मनात धरलं. मग ढग आले. चंद्रभागाबाईला सांगायचं म्हणून त्यानं तेही बघून ठेवले.

दिल्लीला चाकं टेकली. गाडी थांबायच्या आधीच सगळे उठून वरच्या पिशव्या ओढायला लागले, तर आश्रुबा बसलेलाच. त्यानं दोन्ही हातांचा पसा तोंडाभोवती धरला आणि सात परस खालून मारतात तशी हाक मारली.

“बरुआराव, पाय लागले.”

पिशव्या जिथल्या तिथं थांबल्या. एका लहान पोरानं आईच्या कुशीत तोंड घातलं. पुढच्या दाराआडून काही उत्तर आलं नाही. दार लावलेलं असल्यामुळं आश्रुबानं ते मनाला लावून घेतलं नाही.

उतरताना मात्र ते दार उघडं होतं आणि दारात पांढऱ्या सदऱ्याचा एक गडी उभा होता. आश्रुबानं आधी त्याचे हात बघितले. रिकामे होते. म्हणजे ऐकू गेलं होतं.

बाहेर येऊन त्यानं फोन लावला.

तिकडं दिंद्रुडात सकाळपासून काम बंद होतं. एक माणूस लटकत असताना दुसरा खाली सोडायचा नसतो, हा नियम. एकोणचाळीस सभासद लिंबाखाली पडून होते. म्हाळू विमान सुटायच्या वेळेपासून बंद इंजिनापाशी उभा होता, एक हात दांड्यावर, तोंड विहिरीकडं. टोपलं रिकामं होतं. साखराबाईनं भाकरी आणली, तर तिच्याकडंही त्यानं बघितलं नाही. अप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. त्यांनी फोन म्हाळूच्या कानाला धरला.

“पाय लागले,” फोनमधून आलं.

“हाव,” म्हाळू म्हणाला. त्यानं दांड्यावरचा हात काढला, बोटं उघडझाप केली आणि बिडी पेटवली.

दिल्लीच्या कार्यालयात सही करून घेणाऱ्या साहेबांनी आश्रुबाला हिंदीत विचारलं, प्रवास कसा झाला, विमान कसं वाटलं.

“मानूस चांगला हाय,” आश्रुबा म्हणाला, आणि दाखवलं तिथं सही केली.

अकराव्या दिवशी ट्रकातून यारी आली. दोर नवा, तेल लावलेला. म्हाळूनं चिंधी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. कुठं अडकली नाही. त्यानं चिंधी झटकली आणि दुसऱ्यांदा फिरवली. यंत्रासोबत एक पुस्तक होतं, ते अप्पांनी चष्मा पुसून वाचलं.

“ब्रेक आपोआप लागतो. तरीही, माणूस खाली असताना चालकानं यंत्र सोडून जाऊ नये.”

म्हाळूनं पुस्तक हातात घेतलं आणि मागून-पुढून बघितलं.

“ह्ये सांगाया पुस्तक छापलं?” तो म्हणाला.

आश्रुबा तोवर टोपल्यात चढला होता आणि हाक मारत होता.